आज मंगळवार नाही

आराबा पायरीवर बसली आहे, घराकडे पाठ करून.
आज पाच वर्षांची झाली
आणि तिला ते मान्य नाही.

"आज सोमवार," ती म्हणते.
"मी मंगळवारची. मला फसवू नका."

आता हिला काय सांगावं?
आमच्या घानाच्या किनाऱ्यावर मूल जन्मलं
की पहिलं नाव वार ठेवतो, आईबाप मागाहून.
ती मंगळवारी आली, म्हणून आराबा.
आणि मंगळवारी आमच्या समुद्राला सुट्टी:
एकही होडी पाण्यात जात नाही,
जाळी वाळूवर पसरलेली,
बापमाणसं भर दुपारी घरात, बनियनवर,
पोरांच्या तावडीत.
तिला वाटतं, हे सगळं तिच्यासाठी चाललंय.
दर आठवड्याला एक वाढदिवस,
मेणबत्ती नसलेला, बाप असलेला.

आणि भिंतीवरचं कॅलेंडर म्हणतं, आज.
कॅलेंडर पेट्रोल पंपाने फुकट दिलेलं.
तिचा त्यावर काडीचा विश्वास नाही.

त्यात धाकटा जोजो, सोमवारचा,
चड्डी न घालता अंगणभर ओरडत सुटलाय,
"मग आज माझा! मग आज माझा!"
शेजारच्या एफुआबाईंनी त्याला खरंच एक टॉफी दिली.
भांडण पेटायला तेवढं पुरलं.

मी शेगडीपाशी.
पहाटे तीनला आमची होडी गेली, माझ्याशिवाय.
पोटदुखी सांगितली मी, सगळे हसले,
त्यांनाही पोरं आहेत.
याम सोलायला घेतला, सालं जाड निघाली,
अर्धा कंद सालीबरोबर गेला,
हे बायकोच्या कानावर जायला नको.
मातीच्या खरबरीत वाडग्यात ठेचून ठेचून
पाम तेल ओतलं,
आणि पांढरा लगदा बघता बघता
भोपळ्याच्या फुलासारखा झाला.
वर उकडलेली अंडी. तीन.
एक उकळताना तडकलं,
ते माझं.

लहानपणी आम्ही सहा भावंडं, अंडं एक.
आई शिवणाच्या दोऱ्याने कापायची,
दोऱ्याचं एक टोक दातात धरून,
आणि ज्याचा वाढदिवस त्याला
दोऱ्याला चिकटलेलं पिवळं चाटायला मिळायचं.
मला अजून त्या दोऱ्याची चव आठवते.

सात वाजता हिची आई आली,
दवाखान्यातली रात्रपाळी डोळ्यांत घेऊन.
चपला काढल्या नाहीत, तशीच पायरीवर बसली,
लेकीच्या शेजारी, लेकीसारखीच पाठ करून.
"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.
"तू मंगळवारचीच. मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी.
पण त्याआधी अख्खा सोमवार
मी वॉर्डात येरझाऱ्या घातल्या, भिंतीला धरून.
तू आत होतीस, दारापाशी आलेली, बाहेर यायला तयार नाही.
अगदी अशीच बसली होतीस."

आराबा विचार करत राहिली. बराच वेळ.
कोंबडी येऊन जोजोच्या टॉफीचा कागद घेऊन गेली.
"मग आज तुझा," ती आईला म्हणाली.

उठली, वाडग्यापाशी आली,
एक अंडं सोललं, निम्मं पांढरं सालीबरोबर सोलून
(घराण्याचा वारसा, दुसरं काय),
आणि त्यातला पिवळा गोळा
दोन्ही हातांनी आईच्या तोंडात कोंबला.
हे प्रेम म्हणावं तर
तिला पिवळं मुळातच आवडत नाही.
पण आईने डोळे मिटून खाल्लं,
आणि मिटलेले ते मिटलेलेच राहिले,
पायरीवर, भिंतीला डोकं टेकून,
हातात रिकामी साल.

आम्ही तिघं कुजबुजत जेवलो.
"वाढ," आराबा म्हणाली. "अजून वाढ."
मी वाढत गेलो, ती वाढत गेली.

ताटली पुसून झाल्यावर मला म्हणाली,
"उद्या माझा. विसरू नकोस."

कंद संपला आहे.
अंडं एकही नाही.
उद्या समुद्र बंद,
दुकान सहाला उघडतं.